स्टडचे गेलेले आटे

छोट्या फोर-स्ट्रोक इंजिनाचा ब्लॉक आणि हेड क्रँककेसवर दाबून धरण्याचे काम बहुधा चार लांब स्टड करतात. स्टडचे खालचे टोक क्रँककेसच्या ॲल्युमिनियममध्ये बसवलेले असते, वरच्या टोकावर नट येतो. रस्त्यावर नेहमी दिसणाऱ्या १०० सीसी मोटरसायकलचा बोअर ५० मिलिमीटरच्या आसपास असतो. पेटलेल्या वायूचा कमाल दाब ४० बार धरला, तर हेड वर उचलू पाहणारे बल सुमारे ८०० किलो भरते. म्हणजे दर स्टडमागे २०० किलो, आणि इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल तर सेकंदाला ५० वेळा. हेड हलू नये म्हणून नट आवळून स्टडमध्ये याहून बराच जास्त ताण आधीच भरून ठेवावा लागतो. हा सगळा ताण शेवटी ॲल्युमिनियममधल्या काही मिलिमीटर आट्यांवर येतो.

स्टड पोलादाचा असल्याने त्याचे आटे सहसा शाबूत राहतात; जातात ते ॲल्युमिनियमचे. म्हणूनच स्टड ॲल्युमिनियममध्ये आपल्या व्यासाच्या दीडपट ते दुप्पट खोल उतरवतात. तरीही भार सर्व आट्यांत सारखा वाटला जात नाही. तोंडाजवळचे पहिले दोन-तीन आटे त्यातला मोठा वाटा उचलतात. ते तुटले की भार खालच्यांवर सरकतो. त्यात उष्णतेची भर पडते. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे ॲल्युमिनियमचा ब्लॉक गरम झाला की स्टड आणखी ताणला जातो. पण आटे जाण्याचे नेहमीचे कारण याहून साधे आहे. एम ८ मापाच्या नटाला साधारण २० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो, म्हणजे २० सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला जेमतेम १० किलोचा जोर. धडधाकट माणसाचा हात त्याच्या दुप्पट-तिप्पट जोर सहज लावतो, आणि हेड गळत असेल तर तो हमखास लावलाच जातो.

आटे जात असल्याची खूण पान्यावरच कळते. नट फिरत राहतो पण आवळत नाही. जोर वाढायच्या ऐवजी अचानक मऊ पडतो. तिथेच थांबावे. स्टड बाहेर काढल्यावर त्याच्या खाचांत ॲल्युमिनियमचे सलग वेटोळे अडकलेले दिसले, तर शंकेला जागा उरत नाही. स्टड निघत नसेल तर त्यावर दोन नट एकमेकांवर घट्ट आवळून खालच्या नटाला पाना लावतात आणि उलटा फिरवतात. गंजून बसलेल्या स्टडसाठी भोकाभोवतीचे ॲल्युमिनियम हॉट एअर गनने तापवले, तर ते पोलादापेक्षा जास्त फुगून पकड सोडते. स्टड व्हाइस प्लायरने पकडून पिरगाळला तर बऱ्याचदा तो मुळाशी मोडतो आणि एकाची दोन कामे होतात.

दुरुस्तीचे मार्ग तीन-चार आहेत. भोक मोठे करून एम ९ किंवा एम १० चे आटे पाडायचे आणि खाली जाड, वर मूळ मापाचा असा पायरीचा स्टड लेथवर करून घ्यायचा, हा एक. बाहेरून-आतून आटे असलेला भरीव बुश बसवायचा, हा दुसरा; कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा कुठल्याही तालुक्याच्या गावातल्या लेथवाल्याला तो नवा नाही. आर्गन वेल्डिंगने भोक भरून पुन्हा टॅप मारता येतो, पण त्या उष्णतेने क्रँककेसची सपाटी बिघडते, म्हणून तो शेवटचा उपाय. टेफ्लॉन टेप, एम-सील किंवा तांब्याच्या वायरची तार आट्यात घालून स्टड बसवणे ही दुरुस्ती नव्हे. गाडी विकेपर्यंतची सोय आहे.

चौथा आणि सर्वांत रुळलेला मार्ग हेलिकॉइलचा. समभुज चौकोनी छेदाच्या स्टेनलेस तारेची ही गुंडाळी बाहेरून एक आटा बनते, आतून मूळ मापाचा दुसरा. एम ८ साठी भोक सुमारे ८.३ मिलिमीटरचे पाडतात आणि हेलिकॉइलच्या खास टॅपने त्यात आटे कापतात. या नव्या आट्यांचा बाहेरचा व्यास सुमारे ९.६ मिलिमीटर होतो. ॲल्युमिनियमवरचा भार आता जास्त क्षेत्रफळावर पसरतो, आणि पोलादी स्टड पोलादातच फिरतो. त्यामुळे नीट बसलेली हेलिकॉइल कारखान्यातून आलेल्या मूळ आट्यांपेक्षा मजबूत ठरते.

सगळी मेख ‘नीट’ या शब्दात आहे. भोक एक अंशाने जरी तिरपे गेले तरी १५० मिलिमीटर लांबीच्या स्टडचे टोक अडीच मिलिमीटरहून जास्त सरकते. मग ब्लॉक त्यावरून उतरतच नाही, किंवा जबरदस्तीने उतरवला तर स्टड कायमचा वाकलेला राहतो. हातात ड्रिल धरून हे काम करणारे कारागीर आहेत, आणि त्यांची काही भोके सरळही येतात. पण भरवशाची रीत म्हणजे क्रँककेस पिलर ड्रिलखाली बांधणे. ते जमत नसेल तर जाड पोलादी पट्टीत काटकोनात भोक पाडून ती पट्टी शेजारच्या स्टडांवर आवळतात आणि ड्रिल त्या भोकातून उतरवतात. टॅप सुरू करताना गुण्या दोन बाजूंनी लावून पाहतात.

ॲल्युमिनियम ड्रिलला आणि टॅपला चिकटते, म्हणून रॉकेल सढळ हाताने लावावे. टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, असा चालवतात; मागे घेताना कीस तुटतो. क्रँककेसचे तोंड आधी स्वच्छ फडक्याने गच्च भरलेले असावे. ॲल्युमिनियमचा कीस चुंबकाला लागत नाही, त्यामुळे आत पडलेला कण बाहेर काढायला इंजिन उघडण्यावाचून गत्यंतर राहत नाही. भोक बंद तळाचे असेल तर त्यातले रॉकेल आणि तेल हवेच्या झोताने पूर्ण काढावे लागते. तळाशी द्रव राहिला आणि वरून स्टड आवळला, तर दाबाला वाट मिळत नाही आणि ओतीव तडकते.

गुंडाळी मोकळी असताना भोकापेक्षा किंचित मोठी असते. ती हत्याराच्या टोकावर चढवून, वरून न दाबता, उजवीकडे फिरवत आत नेतात; पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा फेरा खाली गेली की थांबतात. हत्यार काढताच ती फाकते आणि भिंतींना घट्ट धरते. तळाशी उरलेली आडवी शेपटी पंचवर हलका ठोका देऊन मोडायची आणि चिमट्याने बाहेर काढायची. भोक क्रँककेसमध्ये आरपार उघडत असेल तर ही शेपटी फडक्यावरच पडायला हवी. भोकाच्या तोंडाशी वर आलेली कड काउंटरसिंकने घालवतात, नाहीतर गॅस्केट सपाट बसत नाही.

स्टड हाताने शेवटपर्यंत बसवतात, पान्याने पिरगाळत नाहीत. इंजिन थंड असताना नट तिरक्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने आवळावेत. मॅन्युअलमध्ये आटे कोरडे धरले असताना ग्रीस लावले, तर तोच आकडा स्टडमध्ये कितीतरी जास्त ताण भरतो. चारांपैकी एका भोकाचे आटे गेले असतील तर उरलेल्या तिघांनीही तोच हात आणि तोच लांब पाना सोसलेला असतो. ब्लॉक उतरलेलाच आहे, तर चारही भोकांत हेलिकॉइल घालून घ्यावी.