चिठ्ठी मोठ्या दवाखान्याची

आमच्या संध्याकाळच्या वर्गात एक ताई दाराजवळ बसत. वय बेचाळीस. दर महिन्याला आठ-दहा दिवस त्या वर्गाला येत नसत. विचारले तर म्हणत, "काम होतं, बाई." आम्हाला ते खरे वाटे. शेतावर काम कोणाला नसते?

एके दिवशी पाटी ठेवून उठताना त्यांना भोवळ आली. आम्ही पाणी दिले, वारा घातला. मग हळूच म्हणाल्या, "अंगावरून लई जातं, बाई. दोन वरसं झाली."

दोन वर्षे! मग दवाखान्यात गेल्या नव्हत्या का? गेल्या होत्या. एकदा नव्हे, तीनदा. दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवीतून केसपेपर आणले. आम्ही ते वाचले. तिन्ही कागदांवर एकच आजार लिहिलेला : अशक्तपणा. औषधही एकच : लोहाच्या गोळ्या.

"पाळीचं सांगितलं नाही का?"

"कसं सांगू? डॉक्टर पुरुष. मागं रांगेत आमच्याच आळीतली माणसं. चक्कर येते, एवढंच बोलले."

चूक कोणाची? ताईंनी सांगायला हवे होते, हे खरे. पण चाळिशीची बाई चक्कर येते म्हणते, रक्त कमी भरते, तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न पाळीचाच विचारायला हवा. दवाखान्यात गर्दी असते, तरी तीन खेपांत एकदा विचारता आले असते. आणि आम्ही? आम्ही तर रोज भेटत होतो. आम्हीही विचारले नाही.

हे एकट्या ताईंचे नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. ती १९८९ साली छापून आली. शंभरातल्या ९२ बायकांना खालच्या अंगाचा काही ना काही आजार निघाला. त्याआधी अशी तपासणी झालेल्या बाया शंभरात फक्त ८ होत्या. बाकीच्या तपासणीविनाच राहिल्या होत्या.

आता चिठ्ठीचे सांगतो. सरकारी दवाखान्यांची एक शिडी आहे. सपाटीच्या भागात ५ हजार वस्तीला एक उपकेंद्र. तेथे नर्सबाई असते. ३० हजार वस्तीला प्राथमिक आरोग्य केंद्र. तेथे डॉक्टर असतो. त्यावर ग्रामीण रुग्णालय, मग उपजिल्हा रुग्णालय, मग जिल्ह्याचे सिव्हिल. खालच्या डॉक्टरला जे जमत नाही, त्यासाठी तो वर पाठवतो. बरोबर चिठ्ठी देतो. काय त्रास आहे, किती दिवस आहे, कोणती औषधे दिली, हे त्या चिठ्ठीत असते. चिठ्ठी नसेल तर सिव्हिलमध्ये हाकलून देतात असे नाही. पण चिठ्ठी असली म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सांगत बसावे लागत नाही. लाजऱ्या बाईला तर तिचा मोठा आधार.

बायकांच्या आजारांचा खास डॉक्टर, म्हणजे स्त्रीरोगतज्ज्ञ, ग्रामीण रुग्णालयापासून वर असायला हवा. "असायला हवा" असे आम्ही मुद्दाम लिहितो. केंद्र सरकारच्या २०२२ सालच्या अहवालात देशाचा हिशेब आहे. खेड्यांसाठीच्या अशा रुग्णालयांत जेथे १०० स्त्रीरोगतज्ज्ञ हवेत, तेथे ७० हून अधिक कमी होते. म्हणून चिठ्ठी घेताना विचारावे : "साहेब, तिथं बायकांचे डॉक्टर आहेत का? कोणत्या वारी बसतात?" नाहीतर मजुरी बुडते, गाडीभाडे जाते आणि बाई तशीच परत येते. एकदा परत आलेली बाई दुसऱ्यांदा सहसा जात नाही.

आमच्या ताईंना मध्येच कोणी तरी एका खासगी दवाखान्यात नेले होते. तेथे सांगितले, "पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल." खर्च ३५ हजार. घरधनी मुकादमाकडून उचल घ्यायला तयार झाले होते. कागदावर अंगठा तेवढा उठायचा राहिला होता.

पिशवी काढावी लागते, असे आजार आहेत. पण तो शेवटचा उपाय, पहिला नव्हे. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यांत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. चाळिशीच्या आतल्याही पुष्कळ होत्या. तरुणपणी पिशवीबरोबर बीजकोशही काढले, तर हाडे लवकर ठिसूळ होतात. मग ती बाई मोळी कशी उचलणार? दुसऱ्या डॉक्टरला विचारून पाहणे हा रोग्याचा हक्क आहे. त्यात पहिल्या डॉक्टरचा अपमान नाही.

आम्ही ताईंना वर्गातच बसवले आणि एका कागदावर लिहून काढले. अक्षर त्यांचेच. "पाळी दहा दिवस जाते. दिवसाला सहा घड्या लागतात. गाठी पडतात. दोन वर्षे झाली." चारच ओळी. हा कागद त्यांनी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. तोंडाने एक शब्द बोलावा लागला नाही. आशाताई बरोबर होत्या. तपासणारा पुरुष असला, तर जवळ बाई उभी राहिलीच पाहिजे. तसे आधीच सांगावे. डॉक्टरांनी कागद वाचला, ताईंकडे पाहिले, आणि म्हणाले, "हे आधी का नाही सांगितलंत, मावशी?" चिठ्ठी लगेच दिली.

काही खुणा मात्र अशा आहेत की कागद लिहीत बसू नये. पाळी कायमची जाऊन वर्ष झाले आणि पुन्हा रक्त दिसले, किंवा नवऱ्याजवळ गेल्यावर रक्त गेले, तर त्याच आठवड्यात चिठ्ठी मागावी. गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग लवकर कळला तर बरा होतो.

तालुक्याला ताईंची एक खेप फुकट गेली. बायकांच्या डॉक्टरची जागा रिकामी होती. पुढे सिव्हिलला गेल्या. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. केसपेपरलाही पैसे पडले नाहीत. गाडीभाडे मात्र पदरचे. तेथे सोनोग्राफी झाली, पिशवीच्या अस्तराचा नमुना तपासला. निघाली मांसाची लहान गाठ. कर्करोगाची नव्हे. रक्त फार उतरले होते, म्हणून शिरेतून लोह दिले. रक्तस्राव आवरायच्या गोळ्या दिल्या. तीन महिन्यांनी पुन्हा बोलावले आहे. पिशवी काढायची की नाही, ते तेव्हा ठरेल.

घरधन्यांनी उचल घेतली नाही. ताई आता भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर पाळीच्या तारखांना पेन्सिलीने खुणा करतात. परवा त्यांच्या जाऊबाई वर्गात आल्या. त्यांचे अंग बाहेर येते. सात वर्षे झाली, कोणाला बोलल्या नव्हत्या. त्यांना अजून लिहिता येत नाही. कागद ताईंनी लिहून दिला. मंगळवारी पहिल्या गाडीने दोघी जाणार आहेत.