धर्म, दाखला आणि हातातला मोबाईल

‘जो ख्रिस्ती झाला तो आदिवासी राहिला नाही, त्याचा दाखला रद्द होणार.’ अशा आशयाची रील डहाणू-तलासरीतल्या पाड्यांवरही पोहोचते. जातपडताळणीच्या उंबरठ्यावर असलेल्या वारली किंवा कोकणा मुलीची झोप उडवायला तेवढं पुरेसं असतं. घरी ती काही बोलत नाही, कारण आईबाबांनाही उत्तर ठाऊक नसेल असं तिला वाटतं.

हा सगळ्यात छळणारा गैरसमज, म्हणून आधी त्याचंच बघू. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट आहे : सुरुवातीला फक्त हिंदू, १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. अनुसूचित जमातींच्या आदेशात अशी अटच नाही. २००४ मध्ये केरळ सरकार विरुद्ध चंद्रमोहनन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की केवळ धर्म बदलला म्हणून माणूस जमातीबाहेर जात नाही. तो जमातीच्या रूढी पाळतो का, समाज त्याला आपलं मानतो का, हे पुराव्यावर तपासायचं. ‘डीलिस्टिंग’ची, म्हणजे धर्म बदललेल्यांना जमातींच्या यादीतून वगळण्याची, मागणी होते हे खरं, पण मागणी म्हणजे कायदा नव्हे, आणि रीलमध्ये नेमकी हीच सरमिसळ केलेली असते. तेव्हा मुलांना निर्धास्तपणे सांगावं : प्रार्थनेला जा, घरी आपली बोली बोला, तारपा वाजला की नाचात उतरा. यातली एक गोष्ट दुसरीला खोटं ठरवत नाही.

‘नुसतं फॉरवर्ड केलं, त्यात काय बिघडलं?’ हे तरी या भागातल्या कुणी म्हणू नये. १६ एप्रिल २०२० च्या रात्री डहाणू तालुक्यातल्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांच्या चालकाला जमावाने ठार मारलं. चोर आणि मुलं पळवणारे फिरताहेत, अशा अफवा त्याआधी पसरल्या होत्या. पुढे त्या हत्येलाही धार्मिक रंग देणारे संदेश फिरले. अटकेतल्या १०१ जणांत एकही मुस्लिम नाही, हे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांना यादी देऊन सांगावं लागलं.

‘मोबाईल काढून घेतला की काळजी मिटली.’ नाही मिटत. वसतिगृहात मित्राचा हँडसेट असतोच, आणि शिक्षेच्या भीतीने मूल खरी अडचण लपवतं. ‘फोटो व्हायरल करीन’ म्हणणारा याच भीतीवर जगतो. असं घडलं तर पैसे देऊ नयेत, चॅट पुसू नये, स्क्रीनशॉट ठेवावेत. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर अशा मजकुराची तक्रार नाव न सांगताही करता येते. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८. पीडित मूल गुन्हेगार नसतं, आणि २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार माध्यमांना त्याची ओळख उघड करता येत नाही.

इंटरनेट मुळातच पाप, असं मानणाऱ्यांनी कार्लो अकुतिसचं नाव ऐकावं. २००६ मध्ये अवघ्या पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेलेला, वेबसाइट बनवणारा हा मुलगा ७ सप्टेंबर २०२५ रोजी संत घोषित झाला.

आणखी एक समज घराघरांत खोल रुतलेला आहे : उदास मुलाचा विश्वास कमी पडतो, त्याने जास्त प्रार्थना करावी. बायबलमधला एलिया रानात झुडपाखाली बसून मरण मागतो (१ राजे १९). देवदूत त्याला रागावत नाही, उपदेशही करत नाही. ताजी भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खायला घालतो. बोलणं त्यानंतरचं. प्रार्थना जरूर करावी. पण मूल दोन-दोन आठवडे नीट जेवत नसेल, झोपत नसेल, किंवा मरणाचं बोलत असेल तर डॉक्टर हवाच. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर दिवसरात्र मोफत, मराठीतही बोलता येतं.

कॅटेकिझम शिकवणाऱ्यांना एक विनंती. ‘कुणालाच सांगणार नाही’ असं वचन मुलाला देऊ नका. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यावर पोलिसांना कळवणं पॉक्सोच्या कलम १९ नुसार बंधनकारक आहे. त्यापेक्षा म्हणा, ‘सांगावं लागलं तर आधी तुला सांगेन, आणि तुझ्यासोबत येईन.’