मुंबईचा संघ कुणाचा?

उन्हाळ्याचे दिवस. रानातली कामे आटोपलेली. दिवेलागण झाली की पारावर माणसे जमतात. कुणाच्या तरी हातात मोबाईल असतो. चार डोकी त्यावर वाकलेली असतात. मध्येच ओरडा होतो, "गेला, गडी गेला! आपली मुंबई जिंकतेय बघा!"

ही 'आपली मुंबई' म्हणजे मुंबई इंडियन्स नावाचा क्रिकेटचा संघ. पण हा संघ खरोखर आपला आहे का? निदान मुंबई शहराचा तरी आहे का? खेळाडूंवर बोली लावतात म्हणतात, ती काय भानगड आहे? आणि इतका पैसा येतो तरी कुठून? या गोष्टी आपण नीट समजावून घेऊ.

खेळ लहान झाला

क्रिकेटचा कसोटी सामना पाच दिवस चालतो. कामाच्या माणसाला एवढी सवड कुठली? म्हणून २००३ साली इंग्लंडमध्ये वीस षटकांचे सामने सुरू झाले. एक षटक म्हणजे सहा चेंडू. प्रत्येक संघाला वीस षटके, म्हणजे १२० चेंडू खेळायला मिळतात. तीन-साडेतीन तासांत निकाल लागतो.

अशा सामन्यांची पहिली जागतिक स्पर्धा २००७ साली झाली. ती भारताने जिंकली. मग साऱ्या देशाला या खेळाचे वेड लागले. भारताच्या क्रिकेट मंडळाने २००८ साली आठ संघांची एक स्पर्धा सुरू केली. तिलाच आयपीएल म्हणतात. संघांना शहरांची किंवा राज्यांची नावे दिली. २०२२ पासून संघ दहा झाले.

संघ म्हणजे फड

तमाशाचा फड आपल्याला माहीत आहे. फडमालक असतो. तो कलावंतांना हंगामापुरते बांधून घेतो, उचल देतो. हंगाम संपला की कलावंत दुसऱ्या फडात जाऊ शकतो. हा संघही तसाच आहे.

मुंबई इंडियन्स हा संघ मुंबई महापालिकेचा नाही. सरकारचाही नाही. तो रिलायन्स या मोठ्या उद्योगाचा आहे. २००८ साली क्रिकेट मंडळाने संघांचे हक्क लिलावात विकले. त्यात सर्वांत मोठी बोली मुंबईवर लागली. ती होती ११ कोटी १९ लाख डॉलर.

रणजी करंडकासाठी खेळणारा मुंबईचा संघ निराळा. तो जुना आहे. त्याने तो करंडक ४२ वेळा जिंकला आहे. नाव एकाच शहराचे, पण संघ दोन.

माणसावर बोली?

"माणसे काय बैल आहेत बोली लावायला?" असे कुणी विचारील. विचारणे बरोबरच आहे. पण फरक ध्यानात घ्या. बैलबाजारात रुमालाखाली बोटे धरून सौदा होतो. बैलाला कुणी विचारत नाही. इथे खेळाडू स्वतः आपले नाव देतो. अमुक रकमेच्या खाली खेळणार नाही, हेही आधी सांगतो. मग सर्वांसमोर बोली होते. विकला जातो तो माणूस नव्हे. ठरलेल्या मुदतीपुरता त्याचा खेळ बांधून घेतला जातो. तसा करार लिहिलेला असतो.

पण एक गोष्ट खेळाडूच्या हाती नसते. कोणत्या संघात जायचे, ते बोली ठरवते.

एकट्याच श्रीमंत मालकाने सगळे चांगले गडी उचलू नयेत, म्हणून खर्चाला मर्यादा असते. २०२५ च्या हंगामासाठी प्रत्येक संघाला १२० कोटी रुपयांची मर्यादा होती. परदेशी खेळाडूंनाही मर्यादा असते. सामन्यात उतरणाऱ्या अकरांमध्ये चारांहून अधिक परदेशी चालत नाहीत.

म्हणून या संघात सारे गडी मुंबईचे नसतात. सचिन तेंडुलकर आणि रोहित शर्मा मुंबईचे. पण लसिथ मलिंगा श्रीलंकेचा, जसप्रीत बुमराह गुजरातचा. अशा नाना गावच्या गड्यांनी मिळून २०१३, २०१५, २०१७, २०१९ आणि २०२० अशी पाच वेळा ही स्पर्धा जिंकली.

२०२५ साली याच संघात केरळचा विघ्नेश पुथूर हा पोरगा खेळला. त्याचे वडील रिक्षा चालवतात. तो केरळच्या मोठ्या संघातूनही खेळला नव्हता. संघाच्या माणसांनी त्याला हेरले. ३० लाख रुपयांना घेतले. पहिल्याच सामन्यात त्याने तीन गडी बाद केले. पुढे पायाच्या दुखण्यामुळे त्याला हंगाम अर्धा सोडावा लागला. या धंद्याच्या या दोन्ही बाजू आहेत. गुणाला दाम मिळतो, पण शरीर साथ देईल तोवरच.

पुण्याचा संघ कुठे गेला?

२०१७ सालचा अंतिम सामना मुंबई आणि पुणे यांच्यात झाला. मुंबईने १२९ धावा केल्या. पुण्याच्या झाल्या १२८. एका धावेने पुणे हरले! पुण्याच्या किती माणसांना त्या रात्री झोप लागली नसेल!

पण त्या संघाचा मालक कोलकात्याचा होता. कर्णधार ऑस्ट्रेलियाचा होता. संघाचा करार दोनच हंगामांचा होता. मुदत संपली आणि संघच संपला. लोकांना वाटत होते संघ आपला. पण तो राहणार की जाणार, हे लोकांच्या हाती नव्हते.

पैसा कुठून येतो?

मैदानात तीस-पस्तीस हजार माणसे बसतात. तिकिटाचा पैसा येतो. पण मोठा पैसा टीव्हीचा आणि मोबाईलचा. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे सामने दाखवण्याचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. एवढा पैसा कंपन्या का देतात? कारण षटक संपले की जाहिरात लागते, आणि ती आपण बघतो. म्हणजे पारावर बसलेला प्रेक्षक हाच या धंद्याचा पाया आहे. प्रेक्षक उठून गेला तर फड ओस पडेल.

पाणी कुणाचे?

२०१६ साली मराठवाड्यात भीषण दुष्काळ होता. मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले. त्याच वेळी मुंबई, पुणे, नागपूर इथे सामने ठरले होते. मैदानाच्या हिरवळीला रोज पाणी लागते. "माणसाला प्यायला पाणी नाही, आणि गवताला पाणी?" असे म्हणून काही लोक उच्च न्यायालयात गेले. एप्रिल संपल्यावरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्या, असे न्यायालयाने सांगितले. मग मुंबईच्या संघाला आपले सामने दूर आंध्रात, विशाखापट्टणमला खेळावे लागले. मुंबईत ठरलेला अंतिम सामना बंगळूरला झाला.

संघ मालकाचा असेल, पण पाणी सर्वांचे आहे. लोकांनी प्रश्न विचारला, तेव्हा करोडोंचा खेळही हलला.

आता आपल्या घरचे

या खेळाच्या मागे एक कीड लागली आहे. ती म्हणजे सट्टा. पुढच्या चेंडूवर काय होईल यावर लोक पैसे लावतात. आपल्याकडे हा गुन्हा आहे. मोबाईलवरही 'संघ बनवा, पैसे जिंका' असे खेळ आले होते. त्यांत कित्येकांचे पैसे बुडाले. २०२५ साली संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. तरी चोरून खेळवणारे भेटतातच. त्यांना थारा देऊ नका.

साधा हिशोब करा. संघ जिंकला तर मालकाला पैसा, खेळाडूला पैसा. हरला तरी दोघांचा करार पक्का असतो. सट्ट्यात मात्र आपल्या बियाण्याचे, पोरांच्या फीचे पैसे जातात. त्याला करार नाही आणि भरपाईही नाही.

म्हणून आम्ही म्हणतो, सामना जरूर बघा. चांगल्या फटक्याला टाळी द्या, मग तो कोणत्याही संघाचा असो. खेळातली गंमत आपली आहे, ती कुणी विकत घेतलेली नाही. पण खिशाला हात घालू नका. आणि मोबाईल बंद झाल्यावर पोरांना एक चेंडू, एक फळी द्या. गावच्या माळावर त्यांचा डाव मांडू द्या. तो संघ मात्र पुरता आपला!