रविवार सोडा, तिथी धरा : पावसाळी गोव्यातले सण
(लेखांक नववा)

नोकरीतल्या माणसाची नजर कॅलेंडरवर आधी लाल आकड्यांकडे जाते. सहल ठरते ती त्या आकड्यांना धरून. म्हणूनच तीस-पस्तीस वर्षं नोकरी केलेल्या पुष्कळांनी आपल्या जवळपासचे उत्तमोत्तम सण पाहिलेलेच नसतात. आषाढ शुद्ध द्वादशी गुरुवारी आली तर सण गुरुवारीच होतो, २४ जून मंगळवारी आला तर मंगळवारी. तुमची रजा शिल्लक आहे की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. निवृत्तीनंतर हाती काय उरतं याचा हिशेब आपण पेन्शन आणि मुदत ठेवींत करतो. तिथीच्या दिवशी त्या गावात हजर असण्याची मुभा त्या हिशेबात कोणी धरत नाही. माझ्या मते ती फार मोठी मिळकत आहे. मागच्या लेखात आपण रंगपंचमीला वाईजवळच्या बावधनला बगाड पाहायला गेलो होतो. आज जून ते ऑगस्टमधल्या गोव्यात जाऊ.

पावसाळ्यात गोवा म्हटलं की ‘तिथे तेव्हा काय आहे?’ हा प्रश्न ठरलेला. समुद्र खवळलेला, किनाऱ्यावर लाल बावटे, शॅक उतरवलेले. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी, त्यामुळे ताजी मासळीही बेताचीच. हे सगळं खरं आहे. पण पाहुण्यांची वर्दळ ओसरल्यावर गोवेकर आपले सण आपल्यासाठी साजरे करतात, आणि ते पाहण्यासारखे आहेत. विहिरी भरलेल्या, शेतात चिखल, परसात फणस आणि अननस; या सणांना लागणारं सामान पाऊसच पुरवतो. शिवाय खोल्यांचे दर डिसेंबरच्या मानाने पुष्कळच खाली आलेले असतात.

सुरुवात सांव जांवपासून. २४ जून हा बाप्तिस्मा देणाऱ्या संत योहानाचा जन्मदिवस, नाताळाच्या साधारण सहा महिने आधी. बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानात कथा आहे: येशूची आई मरिया आपली नातलग एलिझाबेथ हिला भेटायला गेली, तेव्हा एलिझाबेथच्या पोटातल्या बाळाने आनंदाने उडी मारली. ते बाळ म्हणजे योहान. गोव्यातल्या ख्रिस्ती लोकांनी ती उडी विहिरीत आणली. भरलेली विहीर म्हणजे आईचं उदर, आणि तिच्यात घेतलेली उडी म्हणजे त्या बाळाचा आनंद. युरोपात संत योहानाच्या रात्री शेकोट्या पेटवतात. गोव्यात जूनच्या अखेरीला धो धो पाऊस, म्हणून इथे सणाने पाणी धरलं. हवामान सणाला कसं आपल्यासारखं करून घेतं, याचं इतकं सुंदर उदाहरण मला दुसरं ठाऊक नाही.

या दिवशी डोक्यावर पानाफुलांचा आणि वेलींचा मुकुट घालतात, त्याला कोपेल म्हणतात. घुमट आणि कांसाळें वाजवत, ‘व्हिवा सांव जांव’ अशी आरोळी देत वाड्यातली मंडळी घरोघर फिरतात आणि वाटेतल्या विहिरींत उड्या घेतात. आपल्याकडे अधिक मासात जावयाला वाण देतात, तसा गोव्यात हा जावयाचा सण. लग्नानंतरच्या पहिल्या सांव जांवला जावई सासुरवाडीला येतो आणि सासू त्याचं कौतुक करते. फणस, आंबे, अननस अशा ऋतूच्या फळांची पाटी आणि फेणीची बाटली वाड्यातल्या मंडळींसाठी बाहेर येते. घरात नवं मूल जन्मलं असेल तर त्या घरासमोर गाणी जास्त रंगतात. म्हणजे पाण्यात उडी तरुणाची असली तरी सणाचं यजमानपद घरातल्या थोरांकडे असतं. बाल्कांवातल्या, म्हणजे घरापुढच्या ओसरीवरच्या, दगडी बाकावर बसून, येणाऱ्या प्रत्येक टोळीची विचारपूस करणारी साठी-सत्तरीची माणसं हा या सणाचा कणा आहे. ज्या उत्सवात म्हाताऱ्या माणसांची जागा ठरलेली असते, तिथे तुम्हीआम्ही पाहुणे म्हणून गेलो तरी अवघडल्यासारखं होत नाही.

पाहायचं तर बार्देशातल्या शिवोलीला. तिथल्या परेरा वाड्यावर संत योहानाचं छोटं कपेल (चॅपेल) आहे, आणि शापोरा, हणजूणचा झोर, आसगावचा बादे अशा आसपासच्या भागांतली मंडळी सजवलेल्या होड्यांतून पाण्यावाटे तिथे येतात. ही नौकांची प्रथा एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली आहे. दुपारी गर्दी वाढते, म्हणून जेवण लवकर उरकून काठावर जागा धरावी. आणि या दिवशी रिसॉर्टमधल्या तलावावर तिकीट लावून होणाऱ्या ‘पार्ट्यां’च्या नादी लागू नका. तिथे कोपेल मिळतं, संगीत मिळतं, पण वाडा मिळत नाही. विहिरीत उडी घेण्याचा मोहही आवरावा. पोटात फेणी आणि पायाखाली शेवाळ अशा स्थितीत पट्टीच्या पोहणाऱ्यांनाही अपघात होतात.

जाताच आहात तर पाच दिवस जास्त राहा, कारण २९ जूनला संत पेद्रू आणि संत पावलू यांचं फेस्त, म्हणजे सण, येतं. पेद्रू हा मूळचा मच्छीमार, त्यामुळे कोळी समाजाचा हा लाडका संत. होड्या एकमेकींना बांधून तराफा करतात, त्याला सांगोड म्हणतात. कांदोळीच्या ओर्डा भागात या सांगोडावर रंगमंच उभा राहतो आणि गाणी, नाट्यप्रवेश चक्क पाण्यावर सादर होतात. प्रेक्षक काठावर, छत्र्या उघडून. नोकरी करणाऱ्याला २४ आणि २९ या दोन्ही तारखा एका रजेत बसवणं जड जातं. तुम्हाला नाही.

यानंतर मला सर्वांत जवळचा वाटणारा सण: माशेलचा चिखलकालो. पणजीहून फोंड्याकडे निघालं की बाणस्तारीचा पूल ओलांडल्यावर थोड्याच अंतरावर माशेल आहे. तिथलं देवकीकृष्णाचं देऊळ आवर्जून पाहावं असं, कारण इथे कृष्ण राधेबरोबर किंवा रुक्मिणीबरोबर नाही, आईबरोबर आहे. देवकी उभी आणि तिच्या पुढ्यात बाळकृष्ण, असं हे दुर्मीळ रूप. हा देव मूळचा चोडण बेटावरचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देवळं पाडायला सुरुवात केली तेव्हा भक्तांनी तो आधी मये इथे आणि नंतर माशेलला आणला. गोव्यातल्या कित्येक देवळांची हीच कहाणी आहे, पण आईचं बोट धरून नदीपार झालेला हा बाळकृष्ण मनाला विशेष लागतो.

आषाढी एकादशीला या देवळात भजन उभं राहतं ते चोवीस तास अखंड चालतं. पंढरपूरला न गेलेली गोमंतकीय पंढरी इथे भरते म्हणा ना. भजनी मंडळं पाळीपाळीने बसतात आणि घरात कोंकणी बोलणारी माणसं ज्ञानोबा-तुकोबांचे मराठी अभंग मुखोद्गत म्हणतात. मराठी माणसाने केवळ हे ऐकायला म्हणून एकादशीच्या रात्री तिथे असावं. द्वादशीला भजनाची सांगता झाली की अंगाला तेल लावलेले पुरुष आणि मुलगे देवळासमोरच्या मैदानात उतरतात. पावसाने मैदानाचा लोण्यासारखा चिखल झालेला असतो. त्यात लोळण, धावाधाव, आंधळी कोशिंबीर, चक्र करून फिरणं, एकमेकांना ओढणं असे गोकुळातले खेळ रंगतात आणि शेवटी दहीहंडी फुटते. वयाचं बंधन नाही. नातू आणि आजोबा एकाच चिखलात, दोघांचे चेहरे सारखेच माखलेले. या खेळात चुरस नाही, बक्षीस नाही, हंडीच्या थरांची मोजदाद नाही, आणि त्यामुळेच तो इतका निर्मळ वाटतो. अलीकडे गोव्याच्या पर्यटन खात्याने त्याला पाठबळ दिलं आहे. गर्दी वाढते आहे, पण खेळ अजून गावाचाच आहे आणि तो तसाच राहायला हवा. फोटोसाठी मैदानात घुसणाऱ्यांनी तेवढं भान ठेवावं.

तारखेचं एक ध्यानात ठेवा. सांव जांव दर वर्षी २४ जूनलाच, पण चिखलकालो तिथीवर, त्यामुळे तो जूनच्या अखेरीपासून जुलैच्या अखेरीपर्यंत कुठेही येऊ शकतो. त्या वर्षी आषाढाआधी अधिक मास येत असेल तर तो बराच पुढे जातो. नवं कॅलेंडर घरात आलं की द्वादशीभोवती खूण करून ठेवावी.

जुलैच्या शेवटी तिसवाडीतल्या तळावलीला तवशांचं, म्हणजे काकड्यांचं, फेस्त असतं. हे मात्र संत आनाच्या २६ जुलैच्या सणाच्या आसपासच्या रविवारी येतं, म्हणजे इथे नोकरदारही भेटतील. संत आना ही मरियेची आई, येशूची आजी. मूल व्हावं म्हणून जोडपी तिला तवसं वाहतात, झालं की ते मूल घेऊन पुन्हा येतात. बायको हवी असलेला चमचा वाहतो, नवरा हवा असलेली उडीद. जुनी पोर्तुगीज यमकं जुळवून नवसाच्या या वस्तू ठरल्या आहेत. हिंदू भाविकही इथे येतात. सतराव्या शतकाच्या अखेरीला बांधून झालेलं हे चर्च गोव्यातल्या देखण्या इमारतींपैकी एक आहे. पांढऱ्याशुभ्र दर्शनी भिंतीसमोर हिरव्या तवशांच्या राशी, एवढ्यासाठीही वाट वाकडी करावी.

ऑगस्टमध्ये निवड करणं अवघड होतं. ५ तारखेला सासष्टीतल्या रायला आणि २१ तारखेला ताळगावला नव्या भाताच्या कणसांचं फेस्त असतं. शेतातली पहिली कणसं कापून चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेतात. श्रावण शुद्ध सप्तमीला वास्कोच्या दामोदर सप्ताहाचं चोवीस तासांचं साखळी भजन सुरू होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या प्लेगमध्ये गावकऱ्यांनी जांबावलीच्या दामोदराला साकडं घातलं आणि तिथून श्रीफळ आणलं, तेव्हापासूनची ही परंपरा. आणि याच सुमारास हळदीच्या पानांत वाफवलेल्या पातोळ्या हिंदूंच्या घरी नागपंचमीला, तर ख्रिस्ती घरांत १५ ऑगस्टच्या मरियेच्या सणाला होतात. तांदूळ, गूळ, खोबरं आणि वाफ: पथ्यावर असलेल्यांनीही एक खायला हरकत नाही.

ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडी बेटावर बोंदेरम होतो. पोर्तुगीज काळात वाड्यांमध्ये हद्दीवरून भांडणं होत, म्हणून सरकारने हद्दीवर बावटे रोवले. लोकांना ते रुचले नाहीत, त्यांनी ते पाडले. त्या विरोधाचीच आज मिरवणूक निघते. वाड्यावाड्यांचे रंगीत बावटे, चित्ररथ आणि बांबूच्या नळीतून फळं उडवणारी फोटाश नावाची खेळण्यातली बंदूक. मजा आहे, पण संध्याकाळी फेरीबोटीवर रेटारेटी होते. गुडघे दुखत असतील तर अंधाराआधी परत फिरा.

खरं सांगायचं तर दिवाडीला मी गोकुळाष्टमीच्या सुमाराला जाणं पसंत करेन. बेटाच्या पलीकडच्या तीरावर डिचोलीतलं नार्वे आहे. कदंबांचा कुलदेव सप्तकोटेश्वर मूळचा दिवाडीवरचा. तिथलं देऊळ पाडलं गेल्यावर देव पैलतीरी नेला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याचा जीर्णोद्धार करवला. अष्टमीला नार्व्याला नदीच्या पाण्यात स्नानासाठी भाविक जमतात. जुने गोवे इथून फेरीने दिवाडी, बेट ओलांडून पुन्हा फेरीने नार्वे. पायी माणसाला फेरीचं तिकीट पडत नाही, आणि दोन्ही बाजूंना खारफुटी आणि भातशेती. एका दिवसात सावकाश होणारी ही फेरी आहे.

आता जाण्यायेण्याचं. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या मुद्दाम हळू चालवतात आणि दरड आली तर थांबतात. म्हणून सणाच्या आदल्या दिवशी नव्हे, दोन दिवस आधी पोचा. बार्देशासाठी थिवी, जुने गोवे आणि दिवाडीसाठी करमळी. रेल्वेतली ज्येष्ठांची तिकीट सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, पण साठीपुढचे पुरुष आणि पंचेचाळिशीपुढच्या महिलांसाठी खालच्या बर्थचा राखीव कोटा असतो, आरक्षण करताना तो निवडा. एसटीत पंचाहत्तरी पार केलेल्यांना महाराष्ट्राच्या हद्दीत मोफत प्रवास आहे, ६५ ते ७५ वयाला निम्मं तिकीट. घाई नसेल तर सावंतवाडीपर्यंत एसटीने या, एक मुक्काम करा, चितारआळीतली लाकडी खेळणी पाहा आणि पुढे गोव्याची बस धरा. चामड्याची वहाण घरी ठेवा. ओल्या जांभ्या दगडावर ती घसरते. रबरी तळ असलेले सँडल, काठी असेल तर तिला नवी टोपी, औषधं पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, आणि माशेलला जाताना कपड्यांचा एक जादा जोड. काठावर उभं राहिलं तरी चिखल येतोच.

पुढच्या लेखात विदर्भात जायचं आहे, नागपूरच्या काळ्या आणि पिवळ्या मारबतीला. ती मिरवणूक पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला निघते. श्रावणी अमावास्या कधी आहे ते तोवर पाहून ठेवा, कारण त्या सुमाराचं नागपूरचं आरक्षण लवकर भरतं.