कसोटीस उतरलेलें शील

सातपूरच्या कारखान्यांत यंत्राचा एखादा भाग घडला, एवढ्यानेंच तो कामास लागत नाहीं. तो दाबून, ताणून, मोजून पाहतात. कसास उतरला तरच त्यावर भार टाकतात. माणसाच्या शीलासंबंधानें संत पौलानें हाच विचार मांडिला आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या ५ व्या अध्यायांतील त्याच्या म्हणण्याचा आशय असा कीं, संकटांतून धीर उपजतो, धीरांतून शील आणि शीलांतून आशा. शीलासाठीं त्यानें योजिलेल्या मूळ ग्रीक शब्दाचा भावच ‘कसोटीस उतरणें’ असा आहे.

परंतु संकट आलें म्हणजे शील घडतेंच काय? ह्या प्रश्नाचें उत्तर सातपूरपासून थोड्याच अंतरावर, गोदाकाठच्या जलालपुरांतील एका घराच्या इतिहासांत सांपडतें. लक्ष्मीबाई टिळक यांचा जन्म तेथें १८६८ सालीं झाला. त्यांचे मातामह १८५७ च्या उठावांत फांसावर गेले. त्या आघातानें लक्ष्मीबाईंच्या वडिलांस सोवळ्याचें वेड लागलें. बाजारांतून आणिलेलें मीठसुद्धां धुतल्यावांचून घरांत घेतलें जाईना. दुःख खरें होतें. पण त्यानें माणूस जगापासून आंखडला, आणि त्याचा जाच बायकामुलांस सोसावा लागला.

पुढें लक्ष्मीबाईंवरही घाला आला. १८९५ च्या फेब्रुवारींत त्यांचे पति नारायण वामन टिळक यांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. पति आपला, आणि त्याचा धर्म मात्र परका! कांहीं वर्षें त्या मुलास घेऊन आप्तांकडे राहिल्या. नंतर पतीकडे आल्या, तरी स्वयंपाक निराळा, पाणी निराळें. हें सोवळें कोणीं धाकानें सोडविलें नाहीं. माणसामाणसांतील उच्चनीच भाव ईश्वरानें निर्मिला कीं माणसानें, हा प्रश्न त्यांनीं स्वतःसच विचारिला. उत्तर मिळालें तेव्हां त्यांनीं भेद टाकिला. आणि १९०० सालीं बाप्तिस्मा घेतला. आचरण आधीं पालटलें, दीक्षा मागून आली.

दीक्षेनेंही परीक्षा संपली नाहीं. टिळक जितके उदार तितकेच शीघ्रकोपी. हातीं आलेला पैसा गरजवंतांकडे जाई आणि संसाराची ओढाताण लक्ष्मीबाईंच्या वांट्यास येई. प्लेगाच्या दिवसांत त्यांनीं नगरास आजारी मुलींची शुश्रूषा केली. जेथें मिठाचाही विटाळ होई, त्या घरची मुलगी साथीच्या रोग्यांस जवळ घेऊं लागली, हें अंतर लहान नव्हे. १९१९ सालीं टिळक निवर्तले. त्यांचें ‘ख्रिस्तायन’ अपुरें राहिलें होतें. शाळेंत न शिकलेल्या लक्ष्मीबाईंनीं तें पुढें लिहिण्याचें काम अंगावर घेतलें. १९३६ सालीं नाशिक येथें त्यांचा अंत झाला.

आघात पित्यावर आला, तसा कन्येवरही आला. मग फळ निराळें कां? पौलानें आशेच्या पाठोपाठ प्रेमाचा उल्लेख केला आहे, तो उगाच नव्हे. मनांत कोंडलेलें दुःख भय होऊन बसतें. दुसऱ्याच्या दुःखाकडे वळलेलें दुःख शील होतें. ज्याच्यावर संकट येऊन गेलें असेल, त्यानें एवढेंच पाहावें: आपल्या उंबरठ्याच्या आंत येणारीं माणसें त्यानंतर वाढलीं, कीं कमी झालीं?