आणीबाणी थांबा व मूलस्थान निश्चिती
संगणकीय अंकीय नियंत्रण असलेल्या यांत्रिक हत्यारांतील दोन परस्परसंबंधित व्यवस्था. पहिलीमुळे संकटसमयी यंत्राची गती थांबविता येते, तर दुसरीमुळे नियंत्रकाला सरकभागांची खरी जागा कळते. अंकीय नियंत्रणाचे चक्री कर्तन यंत्र अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९५२ मध्ये दाखविण्यात आले. मुंबई उपनगरांतील भांडुप येथे लाल बहादूर शास्त्री मार्गालगत अभियांत्रिकी उद्योग वाढला. अशा भागांतील लहान गाळ्यांत यंत्राभोवती वावरण्यास जागा थोडी असल्याने थांब्याचे बटण हाताशी असणे विशेष महत्त्वाचे ठरते. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २४ मध्ये प्रत्येक कार्यकक्षात शक्ती तोडण्याच्या साधनांची तरतूद करण्यात आली होती.

आणीबाणी थांबा : पिवळ्या पार्श्वभूमीवरील लाल, छत्रीच्या आकाराचे हे बटण दाबताच अडकून राहते. ते मोकळे केल्याने यंत्र आपोआप सुरू होत नाही. त्यासाठी वेगळी आज्ञा द्यावी लागते. थांबण्याचे दोन प्रकार येथे ग्राह्य आहेत : शून्य प्रकारात शक्ती तत्काळ तोडतात, पहिल्या प्रकारात चलित्रांकडून नियंत्रित मंदन करवून मग शक्ती तोडतात. जड तर्कू केवळ शक्ती तोडल्यास बराच काळ फिरत राहतो, म्हणून तेथे दुसरी रीत अधिक सुरक्षित ठरते. मिनिटाला २४ मी. वेगाने जाणारी सरक ०·१ सेकंदात समान मंदनाने थांबली, तरी २० मिमी. पुढे जाते. उभ्या अक्षावरील भार शक्ती जाताच खाली घसरू नये म्हणून त्यास गतिरोधक बसवितात.

मूलस्थान निश्चिती : वृद्धिदर्शक एन्कोडर केवळ झालेले सरकणे मोजतो, नियंत्रकाची वीज गेल्यावर त्याची मोजणी नष्ट होते. म्हणून प्रत्येक अक्ष स्विच दाबला जाईपर्यंत नेतात, वेग कमी करतात आणि एन्कोडरच्या प्रत्येक फेऱ्यात एकदाच येणारा खूणस्पंद मिळताच ते स्थान मूळ मानतात. कीस किंवा शीतक द्रवामुळे स्विच उशिरा चालला व तो स्पंद निसटला, तर पुढचा स्पंद धरला जातो. एन्कोडर थेट मळसूत्री दंडावर असून दंडाचे अग्रसरण १० मिमी. असेल, तर सर्व मापे १० मिमी.ने चुकतात व हत्यार कार्यवस्तूवर आदळू शकते. निरपेक्ष एन्कोडरमध्ये स्थान टिकून राहत असल्याने ही क्रिया दर वेळी करावी लागत नाही.

थांब्यानंतरची दक्षता : नियंत्रक चालू राहिला असल्यास स्थानाची मोजणी सहसा टिकते. तथापि हत्यार भोकात किंवा आट्यांत अडकलेले असताना मूलस्थानाकडे धाव घेण्याची आज्ञा दिल्यास ते मोडते. म्हणून यंत्रचालकाने प्रथम कारण दूर करावे, हत्यार हस्तचालनाने सावकाश बाहेर काढावे, उभा अक्ष आधी वर न्यावा व मगच इतर अक्षांचे मूलस्थान घ्यावे. आणीबाणी थांबा हा रोजच्या बंद करण्याच्या बटणाला पर्याय नव्हे, तसेच तो संरक्षक आवरणाची जागाही घेऊ शकत नाही.