हाली सिक्क्याची नोट : आपल्या जिल्ह्यात चाललेला वेगळा रुपया

सातवी-आठवीच्या मुलांना 'मराठवाडा मुक्तिसंग्राम' शिकवताना एक प्रश्न विचारून बघा. १९४० साली आपल्या गावच्या बाजारात ज्वारी घ्यायची, तर कोणता रुपया लागत होता? बहुतेक मुलं 'इंग्रजांचा' म्हणून मोकळी होतात. पण बीड जिल्हा तेव्हा इंग्रजांच्या नव्हे, निजामाच्या राज्यात होता. आणि निजामाचा रुपया वेगळा होता.

त्याला म्हणत उस्मानिया सिक्का, आपल्याकडच्या बोलीत 'हाली'. इंग्रजांचा रुपया तो 'कलदार'. घरातल्या एखाद्या जुन्या खरेदीखतात 'रुपये हाली' असं लिहिलेलं सापडलं, तर ते याचंच.

आधी फक्त नाणी होती, रुपयावर चारमिनार असायचा. पहिल्या महायुद्धात चांदी महागली आणि नाणी पाडणं परवडेना. इंग्रज सरकारने १९१७ साली एक रुपयाची कागदी नोट काढली. पाठोपाठ १९१८ साली सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या सरकारने कागदी चलनाचा कायदा केला आणि हैदराबादच्या नोटा सुरू झाल्या. १, ५, १०, १०० आणि १००० रुपयांच्या. सुरुवातीला त्या लंडनच्या वॉटरलो अँड सन्स कंपनीत छापून बोटीने येत, पुढे नाशिकला छापल्या गेल्या. नोटेवर उर्दू ठळक, पण रक्कम मराठी, तेलुगू, कानडी आणि इंग्रजीतही. राज्यात कोणकोणत्या भाषांचे लोक राहत होते, हे एका नोटेवरून मुलांना दाखवता येतं. नकाशा काढत बसायची गरज नाही.

बोटीवरून आठवलं. २० मे १९२२ रोजी लंडनहून मुंबईकडे निघालेली 'इजिप्त' नावाची बोट फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ धुक्यात दुसऱ्या जहाजाला धडकून बुडाली. तिच्यावर सोनं-चांदी होतीच, शिवाय निजामाच्या नोटांचे गठ्ठेही होते, अजून सही न झालेले. दहा वर्षांनी इटालियन पाणबुड्यांनी सुमारे ४०० फूट खोलीवरून सोनं वर काढलं, तेव्हा या नोटाही वर आल्या. पाण्याचे डाग पडलेल्या त्या बिनसहीच्या नोटा आज संग्राहक हौसेने शोधतात.

आता गणित. ७ हाली म्हणजे ६ कलदार, असा दर होता. मग १०० कलदारांचे हाली किती? उत्तर : ११६ रुपये १० आणे ८ पै. (१६ आण्यांचा रुपया, १२ पैंचा आणा.) फळ्यावर करून बघा, गुणोत्तर शिकवायला यापेक्षा जवळचं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

हे गणित आष्टीकडच्या माणसाला रोजचं होतं. आष्टी निजामाच्या हद्दीत आणि पलीकडचं जामखेड, नगर इंग्रजांच्या. बैल घेऊन पलीकडच्या बाजाराला गेलं की वाटेत करोडगिरीचा नाका, म्हणजे निजामाची जकात, आणि पलीकडे गेल्यावर रुपयाही दुसरा. नातेवाईक तेच, भाषा तीच, फक्त खिशातला पैसा बदलायचा.

स्वातंत्र्यानंतर हा पैशाचा विषय राजकारणाचा झाला. नोव्हेंबर १९४७ मध्ये भारत सरकार आणि निजाम यांच्यात 'जैसे थे' करार झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत निजाम सरकारने वटहुकूम काढून भारतीय चलन आपल्या राज्यात कायदेशीर नाही असं ठरवलं. म्हणजे ज्याच्याकडे कलदार नोट, त्याची अडचण. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली. तरी हाली लगेच गेला नाही. काही वर्षं दोन्ही चलनं बरोबरीने चालली आणि १९५९ पर्यंत हाली कायमचा बंद झाला. हे चलन सांभाळायला १९४१ च्या कायद्याने जी बँक काढली, तीच आपली 'हैदराबाद बँक'. ती २०१७ साली स्टेट बँकेत विलीन झाली, पण आपल्याकडची माणसं अजून तिचं जुनंच नाव घेतात.

आपलंच राज्य तेवढं असं होतं असं समजू नका. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चीनमध्ये जवळपास प्रत्येक प्रांताच्या नोटा वेगळ्या होत्या. मांचुरियात झांग झुओलिन या लष्करी सरदाराने लढायांच्या खर्चासाठी इतक्या नोटा छापल्या की लोकांच्या हातातली किंमत पार ढासळली. १९३५ साली तिथे सरकारने एकच चलन आणलं. त्या प्रांतिक नोटा गोळा करणारे जगभर आहेत. आपल्या हालीच्या नोटा गोळा करणारे त्या मानाने थोडे.

तुमच्या घरात, आजीच्या पेटीत अशी नोट निघाली तर आधी वर्ष बघा. ते फसली सनात असू शकतं. त्यात ५९० मिळवले की साधारण इसवी सन मिळतो. फसली १३२७ म्हणजे १९१७-१८. मग सही बघा. ती अर्थमंत्र्यांची असते. गुलाम मुहम्मद यांची सही असेल, तर ते पुढे पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल झाले. झाहिद हुसेन यांची असेल, तर ते पाकिस्तानच्या स्टेट बँकेचे पहिले गव्हर्नर.

नोटेला लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका, इस्त्री तर मुळीच नको. घडी हळूच उघडून जाड कोऱ्या कागदांमध्ये सपाट ठेवा, उन्हापासून लांब. बँकेत ती बदलून मिळत नाही. आणि मोबाईलवर 'जुनी नोट द्या, लाखो रुपये घ्या, आधी फी भरा' असा मेसेज आला तर एक रुपयाही पाठवू नका. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये याबद्दल लोकांना सावध केलेलं आहे. जाणकाराला दाखवायचीच असेल, तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे. शाळेची सहल त्र्यंबकेश्वरला जाते, तेव्हा अंजनेरी वाटेतच लागतं.